नदीचा पत्ता हरवलेली कासवं

आजची गोष्ट दूरच्या अॅमेझॉन नदीची आहे. पण तिचा एक धागा गोव्यातून जातो.

1783 साली पोर्तुगालच्या दरबाराने चार निसर्गअभ्यासक आपल्या वसाहतींत धाडले. चौघेही कोइंब्रा विद्यापीठातले, दोमिंगो व्हांदेल्ली यांचे शिष्य. त्यांतला मानुएल गाल्व्हांव द सिल्व्हा मोझांबिकला जाताना गोव्यात उतरला. 1784 मध्ये त्याने इथल्या निसर्गाविषयी लिहिलेली निरीक्षणे कुन्हा रिव्हारा यांनी पुढे 1862 साली पणजीत छापली. कोकणीवरील निबंधामुळे रिव्हारांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. हे पुस्तक मात्र फारसे कुणाला आठवत नाही.

त्याचा सहाध्यायी आलेशांद्रे रॉद्रिगिश फेरैरा याच्या वाट्याला अॅमेझॉनचे खोरे आले. फेरैराचा जन्म 1756 चा, ब्राझिलमधल्या बाहियाचा. साठ लाख चौरस किलोमीटरहून मोठा तो प्रदेश; सोबत कोदिना आणि फ्रैरे हे दोन चित्रकार आणि दु काबु नावाचा एक माळी. मूळ रहिवाशांनी वल्हवलेल्या होड्यांतून तो बेलेंहून रियु नेग्रु, रियु ब्रांकु, मादैरा अशा उपनद्या चढत गेला. नऊ वर्षे हिंडला. दु काबु वाटेतच दगावला.

तिथे नदीतले कासव म्हणजे माणसांचे अन्न. त्याच्या अंड्यांचे तेल स्वयंपाकाला आणि दिव्याला वापरत. पकडलेली कासवे कुंपणात डांबून ठेवत. फेरैराने 1786 मध्ये 'यूरारा-रेते' या कासवावर स्वतंत्र निबंध लिहिला, तोही तिथल्या लोकांनी ठेवलेल्या नावानेच. कुठला प्राणी कुठे सापडतो हे त्या वल्हेकऱ्यांना आधीपासून ठाऊक होते. फेरैरा ते कागदावर आणत होता.

1793 मध्ये तो लिस्बनला परतला. पेट्या आजुदाच्या संग्रहालयात पोचल्या होत्या, पण त्याचे लेखन छापले गेले नाही. 1808 मध्ये नेपोलियनच्या फौजा लिस्बनमध्ये असताना जॉफ्रॉय सेंट-इलेर हा फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आला आणि निवडक नमुने पॅरिसला घेऊन गेला. त्यांतल्या अनेकांशी ना फेरैराचे नाव उरले, ना नेमकी नदी. अॅमेझॉनच्या गुलाबी डॉल्फिनचे शास्त्रीय नाव आजही जॉफ्रॉयची आठवण देते. तो नमुनाही लिस्बनहूनच गेलेला. फेरैरा 1815 मध्ये वारला.

'नमुना तर टिकला, मग गेले काय?' असे कुणी विचारील. गेला तो पत्ता. रियु नेग्रुचे पाणी काळसर, तर शेजारच्या सोलिमोंयशचे गढूळ. लाल डोक्याचे एक कासव मुख्यतः काळ्या पाण्यातच राहते. बाटलीवर नुसते 'ब्राझिल' लिहिले तर ही गोष्ट कळणार कशी? जर्मनीच्या स्पिक्सने 1824-25 मध्ये याच खोऱ्यातली कासवे आणि काळी सुसर छापली, तेव्हा प्राण्यासोबत नदीचे नाव दिले. म्हणून पुढच्यांना शोध घेता आला.

1852 मध्ये वॉलेसने लंडनमध्ये अॅमेझॉनच्या माकडांवर निबंध वाचला. मोठ्या नद्या काही जातींच्या सीमा ठरतात, हे त्याने दाखवले. आणि संग्रहालयांतल्या चिठ्ठ्यांवर नुसता देश लिहितात, नदीचा कुठला काठ ते लिहीत नाहीत, अशी तक्रारही केली. दुर्दैव पाहा, त्याच वर्षी परतीच्या वाटेवर जहाजाला आग लागून त्याचा स्वतःचा बहुतेक संग्रह जळाला होता.

आगीने लिस्बनलाही सोडले नाही. आजुदाच्या संग्रहाचा वारसा चालवणाऱ्या बोकाजी संग्रहालयातले जवळजवळ सगळे प्राणिसंग्रह 18 मार्च 1978 च्या आगीत नष्ट झाले. फेरैराच्या चित्रकारांची शेकडो चित्रे मात्र शिल्लक आहेत, आणि उशिरा का होईना, छापली गेलेली त्याची टिपणे.

आपल्याकडे फोंड्यातल्या खाजनांच्या काठी पौष अमावास्येला मातीचा मानगे थापून पूजतात. मगर आपल्या शेताशेजारी राहते, याची ती एक जुनी नोंदच नव्हे का? तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, मगर कुठल्या बांधावर उन्हाला येते ते. आणि उत्तर लिहून ठेवाल तेव्हा नदीचे नाव, गाव आणि तारीख तेवढी विसरू नका. सांगणाऱ्याचे नावही लिहा.