कुंडीतली माती दगडासारखी का होते? धाराशिवच्या उन्हात मनी प्लांट, मॉन्स्टेरा टिकवण्यासाठी काय करावं?

नर्सरीतून आणलेली पीस लिली पहिले दोन महिने छान दिसते. मग पानांची टोकं करपतात, नवीन पानं पिवळट येतात, पाणी घालूनही झाड मान टाकतं. घरात निष्कर्ष ठरलेला असतो: "आपल्या हाताला झाडं लागत नाहीत." धाराशिव जिल्ह्यात (२०२३ पर्यंतचा उस्मानाबाद) अनेकदा दोष हाताचा नसतो. तो कुंडीत भरलेल्या मातीचा आणि तिच्यावर रोज ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा असतो.

घरात ठेवली जाणारी बहुतेक शोभेची झाडं मूळची उष्ण कटिबंधातली. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या जंगलातला, मनी प्लांट प्रशांत महासागरातल्या मोओरिया बेटावरचा. ही झाडं मोठ्या झाडांच्या खोडांवर चढतात. त्यांची मुळं साल, कुजका पाला आणि भुसभुशीत मातीत पसरतात. तिथे ओलावा असतो आणि हवाही खेळती असते. मुळांना पाण्याइतकीच हवेतल्या ऑक्सिजनची गरज असते, ही गोष्ट कुंडी भरताना विसरली जाते.

काळी माती शेतात सोनं, कुंडीत अडचण

जिल्ह्यातली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यातली बारीक चिकणमाती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. म्हणूनच उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात. शेतात हीच माती खोलवर ओल धरते आणि रब्बीची ज्वारी त्या ओलीवर येते. पण दहा इंचाच्या कुंडीत ती ओली असताना मुळांची हवा कोंडते. वाळली की गोळा आकसून कुंडीच्या कडेपासून सुटतो. मग वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. खालच्या ताटलीत पाणी दिसतं, पाणी पोहोचलं असं वाटतं, आणि आतला गोळा कोरडाच राहतो.

दुसरी अडचण चुनखडीची. पांढरट खडे असलेल्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाच्या रसाचे थेंब टाकले आणि फेस आला, तर तिच्यात चुना आहे असं समजावं. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. नवीन पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या, ही त्याची खूण. अशा वेळी आणखी खत टाकलं तर क्षार तेवढे वाढतात, पान हिरवं होत नाही.

मग भरायचं काय?

रील्समध्ये दिसणारं साल, परलाइट आणि कोळशाचं जाडंभरडं मिश्रण दमट हवेसाठी ठीक आहे. पारा चाळिशीपार जातो तेव्हा धाराशिवमध्ये ते दिवसभरात कोरडं पडू शकतं. इथे थोडी जास्त ओल धरणारं, तरीही मोकळं मिश्रण लागतं. मनी प्लांट, सिंगोनियम, मॉन्स्टेरासाठी दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचे बारीक तुकडे आणि एक भाग कुजलेलं खत हे प्रमाण सोयीचं आहे. मुरूम मिळवायला अडचण नसावी. उमरगा तालुक्यात तर त्याच नावाचं गाव आहे. फक्त तो धुऊन त्यातली धूळ काढावी आणि चुनखडीचा पांढरट मुरूम टाळावा. स्नेक प्लांट आणि झीझी प्लांटसाठी मुरूम निम्म्यापर्यंत वाढवावा.

खतासाठी लांब जायला नको. उस्मानाबादी शेळी याच भागातली. तिचं जुनं, पूर्ण कुजलेलं, मातीसारखा वास येणारं लेंडीखत उत्तम. ताज्या लेंड्या मात्र नकोत, त्यांनी मुळं भाजतात. सोबत मूठभर निंबोळी पेंड चालते.

कोकोपीटची वीट भिजवली की लगेच वापरण्याचा मोह होतो. नारळाच्या काथ्याच्या या भुशात बऱ्याचदा मीठ असतं, त्यामुळे ती दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबावं: गोळा व्हावा, पण बोट लावताच फुटावा. फुटत नसेल तर मुरूम कमी पडला.

कुंडीच्या तळाला खड्यांचा थर देण्याची पद्धत जुनी आहे, पण उपयोगाची नाही. बारीक मिश्रणातलं पाणी ते मिश्रण पुरतं भिजेपर्यंत खालच्या खड्यांत उतरत नाही. त्यामुळे चिंब थर उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर जाळीचा किंवा खापराचा तुकडा पुरे.

खरी गोम पाण्यात

मिश्रण कितीही चांगलं असलं तरी बोअरचं जड पाणी ते हळूहळू बिघडवतं. पाणी उडून जातं, पण त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार कुंडीतच राहतात. कुंडीच्या कडेला आणि मातीवर साचणारी पांढरी पुटं म्हणजे हेच. पीस लिलीसारखी नाजूक झाडं आधी टोकं करपवून दाखवतात.

पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी झाडांना घातलं जातं. हेतू चांगला, पण पिण्याच्या पाण्यातून वेगळे काढलेले क्षार याच पाण्यात असतात. ते मूळ बोअरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. कूलरच्या टाकीतलं पाणीही तसंच: रोज पाणी उडतं, रोज भर पडते, क्षार साठत जातात. हे पाणी फरशी पुसायला वापरावं. एसीमधून ठिबकणारं पाणी मात्र हवेतल्या बाष्पाचं असतं, त्यात क्षार नसल्यात जमा. स्वच्छ बादलीत धरलेलं असेल तर ते कुंडीला चालतं.

साठलेले क्षार काढायचे तर कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडं पाणी हळूहळू ओतून ते भोकातून पूर्ण वाहून जाऊ द्यावं लागतं. दारात टँकरची वाट पाहणाऱ्या घराला एप्रिलमध्ये हे सांगणं व्यर्थ आहे. पर्जन्यछायेतल्या या जिल्ह्यात हे काम जून ते सप्टेंबरमध्ये पावसाकडून करून घ्यावं. चांगली सर आली की कुंड्या भिंतीच्या आडोशाने उघड्यावर ठेवाव्यात, खालच्या ताटल्या काढून. पाऊस थांबला की आत घ्याव्यात, नाहीतर दुसऱ्या दिवशीच्या उन्हात सावलीतली पानं भाजतात. पत्र्यावरचं पाणी पिंपात धरलं, तोंडाला जाळी बांधली, तर पुढचे काही आठवडेही भागतं.

उरला प्रश्न घरगुती उपायांचा. अंड्याच्या टरफलात मुख्यतः चुना असतो. जिथे पाण्यातच तो भरपूर आहे तिथे आणखी कशाला? दूध-साखरेच्या चहाचा चोथा टाकल्याने बुरशी आणि चिलटं येतात. चिलटं दिसली तर आधी पाणी कमी करावं. बोट दोन इंच आत घालून कोरडं लागलं तरच पाणी, वेळापत्रकाने नाही.

माती कधी बदलायची?

कोकोपीट आणि खत कुजत राहतं, बारीक होतं आणि खाली बसतं. साधारण वर्ष-दोन वर्षांत कुंडीतली पातळी खाली जाते, पाणी वर साचून राहू लागतं किंवा मुळं भोकातून डोकावतात. तेव्हा पावसाळ्याच्या सुरुवातीला, हवेत दमटपणा आल्यावर, मिश्रण बदलावं. मे महिन्यात हा खटाटोप केला तर तुटलेली मुळं उन्हाच्या झळा सोसू शकत नाहीत.

जुनं मिश्रण फेकायची गरज नाही. मुळं चाळून काढावीत, ते ओलसर करून गच्चीवर पातळ पसरावं आणि पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकून ठेवावं. एप्रिल-मेच्या उन्हात आतली उष्णता बऱ्याचशा किडी आणि बुरशी मारते. नंतर एकदा भरपूर पाण्याने धुऊन, निम्मं नवं मिश्रण मिसळून ते पुन्हा वापरता येतं. पांढरी पुटं फारच असतील, तर ते कुंडीत न घालता अंगणातल्या कडुलिंबाच्या बुंध्याशी पसरावं.