चेहऱ्याची तक्रार, पाठीची साक्ष

पापण्या लाल होऊन सुजल्या की पहिला संशय काजळावर जातो. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ मात्र नखांकडेही पाहतात. नेलपॉलिशमधल्या रेझिनची ॲलर्जी बोटांवर दिसेलच असं नाही. हात सारखा डोळ्यांकडे जातो आणि पापणीची पातळ कातडी आधी पेटते. कलपातल्या पीपीडी या रंगद्रव्याचंही तेच. कलप केसांना, सूज कपाळाला नि डोळ्यांभोवती. नुसत्या तर्काने कारण सापडत नाही, म्हणून संशयित पदार्थ पाठीला चिकटवून पाहायचे. हीच पॅच टेस्ट.

कातडीला पदार्थ लावून पाहणं तसं जुनं. १८४७ साली श्टेडेलर या रसायनशास्त्रज्ञाने काजूच्या टरफलातलं दाहक द्रव्य कागदाच्या तुकड्याने माणसाच्या कातडीवर लावून पाहिलं होतं. ते तेल किती पोळतं, हे कोकणात काजू सोलणाऱ्यांना सांगायला नको. योझेफ याडासोन यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: बाकीच्यांना सोसणारं औषध एखाद्यालाच का बाधतं? ब्रेस्लाऊच्या या त्वचारोगतज्ज्ञाने १८९५ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या परिषदेत आपला प्रयोग मांडला. पाऱ्याच्या औषधाने पुरळ आलेल्या रुग्णाच्या निरोगी कातडीवर त्यांनी पाऱ्याचं मलम लावून ते झाकून ठेवलं; तिथेही पुरळ उठलं. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्यानंतर ११ वर्षांनी, १९०६ मध्ये, फॉन पिर्के यांनी दिला.

संशयित ठाऊक असेल तर ही रीत पुरेशी. तो ठाऊकच नसेल तर? झुरिकच्या ब्रुनो ब्लॉख यांनी नेहमीच्या उपद्रवी पदार्थांचा ठरावीक संच वापरण्याची वाट धरली. कोपनहेगनच्या पौल बोनेवी यांनी १९३९ मध्ये २१ पदार्थांची यादी छापली. सत्तरच्या दशकात फिनलंडच्या पिरिला यांनी ८ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमच्या चकत्या आणल्या, आणि किती पदार्थ केवढ्या जागेवर लावायचा तेही ठरून गेलं. या चकत्या बसवलेल्या पट्ट्या ४८ तास पाठीवर राहतात, पाठ भिजवायची नाही. पट्ट्या काढल्यावर एकदा आणि दोनेक दिवसांनी पुन्हा तपासणी होते, कारण टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींची ही प्रतिक्रिया सावकाश उमटते.

पण युरोपची यादी सगळीकडे चालत नाही, हे महाराष्ट्राला गाजरगवताने दाखवलं. पुण्यातली या तणाची नोंद १९५६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे ते रानोमाळ पसरलं. शेतकऱ्यांच्या चेहऱ्यावर, पापण्यांवर, मानेवर खाजरं पुरळ येऊ लागलं. दिसायला उन्हाची बाधा. कारण मात्र वाऱ्यावर उडणाऱ्या सुक्या गवताच्या कणांतलं पार्थेनिन हे रसायन. लोणकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी १९७४ मध्ये या त्वचादाहावर निबंध लिहिला. भारतीय यादीत आज पार्थेनियम, म्हणजे हेच गाजरगवत, असतं.

जे चिकटवलंच नाही, त्याबद्दल पाठ काहीच सांगत नाही. म्हणून रुग्णाला घरची क्रीम, टिकल्यांचं पाकीट, साबण सोबत आणायला सांगतात. क्रीम आहे तशी लावतात. साबण आणि शाम्पू मात्र पुरेसे पातळ करून. तसेच लावले तर ॲलर्जी नसतानाही कातडी लाल होईल, आणि निर्दोष वस्तू उगाच कायमची बंद होईल.