पाळण्याजवळचा कुत्रा

घरात कुत्रा आधीपासून असला आणि तान्हं मूल येणार असलं, की नातेवाइकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘आता त्याला कुणाला तरी देऊन टाका.’ दुसरा छातीठोकपणे सांगतो, ‘अहो, तोच बाळाला सांभाळेल, बघा तुम्ही!’ पहिल्या तटाची भीती कुठून आली हे शोधायला लांब जावं लागत नाही. पण दुसऱ्या तटाचा विश्वास? लांडग्याच्या कुळातला, भाकरीच्या तुकड्यावरून सख्ख्या भावंडाशी भांडणारा हा प्राणी माणसाच्या तान्ह्याची राखण करतो, हे काही आपसूक सुचण्यासारखं नाही. या विश्वासाला वंशावळ आहे. आणि गंमत म्हणजे तिचा मूळपुरुष कुत्रा नाहीच. तो मुंगूस आहे.

पंचतंत्राचं पाचवं तंत्र म्हणजे ‘अपरीक्षितकारक’, नीट न तपासता केलेल्या कृत्यांच्या गोष्टी. त्यातली ब्राह्मणी आणि मुंगसाची गोष्ट आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचली आहे. मुंगूस सापाला मारून बाळाला वाचवतं, रक्ताळलेल्या तोंडानं बाईला सामोरं जातं, ती पाण्याचा हंडा त्याच्या अंगावर टाकते आणि मग पाळण्याशी येऊन ऊर बडवते. तात्पर्य: उतावळेपणा करू नये. परीक्षेत आपण तेवढंच लिहिलं आणि गुण मिळवले.

पण गोष्ट पुन्हा वाचा. ब्राह्मणीनं त्या मुंगसाला पोटच्या पोरासारखं वाढवलेलं असतं, तरी तिचा त्याच्यावर पुरता भरवसा नसतो. पाण्याला जाताना ती नवऱ्याला बजावून जाते, की पोराकडे लक्ष ठेवा, मुंगूस घरात आहे. नवरा ‘हो’ म्हणतो आणि ती वळताच भिक्षा मागायला निघून जातो. साप येतो तेव्हा घरात एकही मोठं माणूस नसतं. ज्या बाईला आपण शतकानुशतकं उतावळी ठरवलं, तिनंच त्या घरातली एकमेव शहाणी सूचना केली होती. पाळी सोडून गेलेल्या गृहस्थाबद्दल मात्र तात्पर्यात चकार शब्द नाही.

सहाव्या शतकात इराणच्या खुस्रो बादशहाच्या दरबारातल्या बुर्झो नावाच्या वैद्यानं पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फानं त्याचं अरबी रूप केलं, ते ‘कलीला व दिम्ना’. तिथून हिब्रू, लॅटिन अशी मजल मारत गोष्ट युरोपात शिरली. युरोपच्या शेतकऱ्यानं घरात वावरणारं मुंगूस कुठून पाहिलेलं असणार? या प्रवासात मुंगसाचा कुत्रा झाला, आणि साप मात्र पुष्कळ ठिकाणी सापच राहिला.

तेराव्या शतकात फ्रान्समध्ये लिआँ शहराच्या उत्तरेला, दोंब नावाच्या तळ्यांच्या मुलखात, या कुत्र्याचा चक्क संत झाला. एतिएन द बूर्बों हा डोमिनिकन पंथाचा धर्माधिकारी त्या भागात पाखंड शोधत फिरत होता. कबुलीजबाब देताना बऱ्याच बायका सांगू लागल्या, की आम्ही मुलांना संत गिनफोरकडे नेलं होतं. कोण हा संत, म्हणून त्यानं चौकशी केली तर तो निघाला शिकारी कुत्रा. गढीचा मालक बाहेर, मालकीण बाहेर, दाईसुद्धा बाहेर. साप पाळण्याकडे सरकला, कुत्र्यानं त्याचे तुकडे केले, आणि परतलेल्या सरदारानं रक्त पाहून तलवार उपसली. चूक उमगल्यावर त्यांनी कुत्र्याला विहिरीत टाकून वर दगड रचले आणि भोवती झाडं लावली. पुढे गढी ओस पडली, पण त्या राईत आजारी मुलं येऊ लागली.

एतिएननं तिथले विधी लिहून ठेवले आहेत आणि ते वाचवत नाहीत. अशक्त मूल म्हणजे वनदेवतांनी बदलून ठेवलेलं मूल, अशी समजूत होती. त्याला दोन झाडांच्या मधून नऊ वेळा इकडून तिकडे फेकत. मग उघडं करून, जवळ मेणबत्त्या लावून, झाडाच्या बुंध्याशी एकटं सोडून आई दूर जायची, ती मेणबत्त्या विझेपर्यंत परत फिरायची नाही. काही मुलं त्या आगीनंच गेली, असं तो नोंदवतो. मुलांचा पाठीराखा म्हणून पुजलेल्या कुत्र्याच्या दारात मुलांना एकटं टाकलं जात होतं. एतिएननं कुत्र्याची हाडं उकरून जाळली, राई तोडली आणि पुन्हा तिथं जाणाऱ्यांची मालमत्ता जप्त करण्याचा हुकूम काढवला. तरी एकोणिसाव्या शतकापर्यंत लोक तिथं जात होते. १९७९ साली इतिहासकार झाँ-क्लोद श्मित यांनी या संतावर आख्खं पुस्तक लिहिलं.

वेल्समध्ये हाच कुत्रा गेलर्ट झाला आणि सापाच्या जागी लांडगा आला. बेडगेलर्ट या डोंगरी गावात त्याची समाधी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या एका खाणावळवाल्यानं गिऱ्हाईक यावं म्हणून ती उभारली, असं मानतात. आपल्याकडेही अशी दूरदृष्टीची माणसं कमी नाहीत. १८००च्या सुमारास विल्यम स्पेन्सरनं त्यावर कविता केली, संगीतकार हायडननं गेलर्टच्या कथेला सुरावट दिली आणि गाव प्रसिद्ध झालं.

इथवर कुत्रा गोष्टीतला होता. त्याला दिवाणखान्यातल्या गालिच्यावर आणलं ते व्हिक्टोरिया राणीच्या काळानं. एडविन लँडसीअर हा राणीचा आवडता चित्रकार. १८४१ साली त्यानं तान्ह्या राजकन्येचं चित्र काढलं, त्यात प्रिन्स अल्बर्टची इऑस ही ग्रेहाउंड कुत्री तिच्याजवळ आहे. १८५६च्या ‘सेव्ह्ड’ या चित्रात न्यूफाउंडलंड जातीच्या थोराड कुत्र्यानं बुडणाऱ्या मुलाला पाण्यातून काढलं आहे. या चित्रांच्या छापील प्रती मध्यमवर्गीय घरांच्या भिंतींवर गेल्या. आता कुत्रा आणि मूल ही जोडी सुखी कुटुंबाची खूण बनली.

१९०४ मध्ये जे. एम. बॅरीच्या ‘पीटर पॅन’ नाटकात तर कुत्रीच दाई म्हणून नोकरीला आहे. तिचं नाव नाना. डार्लिंग कुटुंबाला दाई परवडत नाही, म्हणून न्यूफाउंडलंड कुत्री मुलांना न्हाऊ घालते, औषध देते. बाप चिडून तिला अंगणात साखळीला बांधतो, आईबाप मेजवानीला जातात आणि त्याच रात्री मुलं खिडकीतून उडून जातात. पुन्हा तेच: कुत्र्यावर अन्याय झाला म्हणून मुलं गेली, असं प्रेक्षकाला वाटत राहतं. मेजवानीकडे कुणी पाहत नाही.

दरम्यान ब्रिटनमध्ये दुसरी गोष्ट घडत होती. १८५९ पासून कुत्र्यांची प्रदर्शनं भरू लागली, १८७३ साली केनेल क्लब निघाला आणि प्रत्येक जातीचं वर्णन लिहून ठेवण्याची पद्धत पडली. कान कसे, शेपूट कशी, याबरोबर स्वभावाचीही ओळ आली. स्टॅफर्डशायर बुल टेरियर ही जात बैलांवर सोडायच्या आणि आपसांत झुंजवायच्या कुत्र्यांतून आलेली. १८३५च्या कायद्यानं त्या झुंजींवर बंदी आली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९३५ मध्ये, केनेल क्लबनं या जातीला मान्यता दिली. आज तिच्या अधिकृत वर्णनात ती विशेषतः मुलांवर माया करणारी असल्याचं नमूद आहे. १९७१ साली न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका लेखात या जातीच्या हौशी मंडळींनी तिला दाईचा कुत्रा म्हटलं. तिथून ‘नॅनी डॉग’ हे बिरुद पिट बुललाही चिकटलं आणि जणू व्हिक्टोरियाच्या काळापासून हे कुत्रे पाळणे हलवत आले आहेत असं सांगितलं जाऊ लागलं. त्याला जुना आधार सापडत नाही. शेवटी २०१३ मध्ये पिट बुलची बाजू घेणाऱ्या ‘बॅड रॅप’ या अमेरिकन संस्थेनंच जाहीर केलं, की आम्ही हे बिरुद वापरणं सोडलं, कारण त्यानं मुलांना धोका होतो. स्वतःच्या लाडक्या दंतकथेला असा पूर्णविराम देणाऱ्या संस्था विरळा.

लॅसी या पडद्यावरच्या कुत्रीवर फार रेंगाळत नाही. १९४३चा चित्रपट, १९५४ पासून जवळपास वीस वर्षं चाललेली दूरचित्रवाणी मालिका. कुत्र्याला मुलाचं संकट आधी कळतं, हे त्यातून जगाच्या डोक्यात पक्कं बसलं.

आपल्याकडे हा विश्वास उशिरा आला. महाराष्ट्रात कुत्रा देवांच्या संगतीत आहे. खंडोबापाशी आहे, भैरवाचं वाहन आहे, दत्ताच्या पायाशी तर चार आहेत. पण घरात त्याची जागा उंबऱ्याबाहेर. धनगराच्या वाड्यावर तो मेंढरं राखायचा, शेतावर खळं राखायचा, गावात ओट्याखाली पडून उरलेल्या भाकरीची वाट पाहायचा. मूल माजघरात, कुत्रा अंगणात आणि मधल्या उंबऱ्यावर सुपारी कातरत बसलेली आजी. ही काही ठरवून केलेली सुरक्षाव्यवस्था नव्हती, पण ती काम करत होती. अर्थात गल्लीतल्या पोरांना कुत्री चावायची ती चावायचीच. डेव्हिड सेम्पल यानं १९११ मध्ये कसौलीला तयार केलेली, जनावराच्या मेंदूपासून बनणारी रेबीजची लस भारतात २००४ पर्यंत वापरात होती. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ ही धमकी ज्यांनी लहानपणी ऐकली त्यांना पहिल्या तटाची भीती समजावून सांगावी लागत नाही.

मग फ्लॅट आले. अंगण गेलं, ओटा गेला, आजी बहुधा गावाकडे राहिली. कुत्रा मात्र आत आला: आधी पांढरा पॉमेरेनियन, मग लॅब्रेडॉर. १९९४च्या ‘हम आपके हैं कौन’ या चित्रपटातल्या टफी या कुत्र्यानं त्याला घरच्या माणसात बसवलं. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत गोव्यातल्या वाटांवरून एक मुलगा चालत होता आणि एक पग त्याच्या मागोमाग. त्यानंतर शहरोशहरी पग दिसू लागले. जाहिरात गोड होतीच. तिच्यातही मुलाबरोबर मोठं माणूस नव्हतं.

आता गोष्टी बाजूला ठेवून चावलेल्या कुत्र्यांकडे पाहू. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात इलाना राइझनर आणि सहकाऱ्यांनी मुलांना चावलेल्या १०३ कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या. अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा वर्षांखालची मुलं सर्वाधिक चावली गेली ती कुत्र्याचं खाणं किंवा त्याची एखादी वस्तू यांच्या जवळ गेल्यामुळे. ज्यांचा पूर्वेतिहास माहीत होता त्या कुत्र्यांपैकी दोन-तृतीयांश याआधी कुठल्याही मुलाला चावले नव्हते. तेवढ्याच मालकांनी कुत्र्याला रीतसर प्रशिक्षणवर्गाला घातलं होतं. निम्म्या कुत्र्यांना काही ना काही दुखणं होतं किंवा असल्याचा संशय होता. ‘आमचा कधीच कुणाला चावला नाही’ या वाक्याची किंमत एवढीच.

दुसरी बाजू मुलाची. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी लहान मुलांना कुत्र्यांचे चेहरे दाखवले, तेव्हा दात विचकणारा कुत्रा बऱ्याच चिमुरड्यांना हसरा वाटला. त्यांचं काय चुकलं? माणसाच्या तोंडावर दात दिसले की ते बहुतेक वेळा हसूच असतं. त्यातून मूल जवळ जातं, चेहरा चेहऱ्याशी नेतं, गळ्यात हात टाकतं. म्हणून लहान मुलांना चावा बहुधा तोंडाला, डोक्याला, मानेला होतो.

कुत्रा काही न सांगता चावत नाही. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवतो, उठून दुसरीकडे जातो. मग ताठरतो, मग गुरगुरतो. आपण नेमकं गुरगुरण्याला ‘ए, गप!’ म्हणून दामटतो आणि शेवटची सूचना बंद पाडतो. मूल रांगू लागतं तेव्हा तर सगळंच बदलतं. तोवर पाळण्यात रडणारं गाठोडं होतं, ते आता कुत्र्याच्या ताटलीपर्यंत पोचतं, शेपूट धरतं, झोपलेल्याच्या अंगावर पडतं. पहिले सहा महिने निर्धोक गेले म्हणून निश्चिंत झालेल्या घरांत खरी परीक्षा इथून सुरू होते.

मग पहिल्या तटाचं ऐकून कुत्रा देऊन टाकायचा? मला तसं वाटत नाही. स्वीडनमध्ये २००१ ते २०१० दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या नोंदींवरून २०१५ मध्ये असं दिसलं, की पहिल्या वर्षात घरात कुत्रा असलेल्या मुलांमध्ये शालेय वयात दम्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी कमी होतं. कुत्र्यामुळेच कमी होतं असं यातून सिद्ध होत नाही, पण ‘बाळाला दमा होईल, घालवा त्याला’ म्हणणाऱ्यांना थोडं थांबवायला ते पुरेसं आहे. बाकी, वाढत्या मुलाला कुत्र्याची सोबत काय देते, ते ज्याला मिळाली त्याला आकडे लागत नाहीत.

जात पाहून निर्णय करणंही पुरत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनं तेवीस जातींवर बंदी घालणारं परिपत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. बंदी राहिली असती तरी लॅब्रेडॉरच्या ताटलीत हात घालणाऱ्या दीड वर्षाच्या पोराला तिचा उपयोग नव्हता. कुत्रा थोराड असेल तर जखम मोठी होते, एवढा फरक नक्की आहे आणि तो निवड करताना लक्षात घ्यावा.

तेव्हा दोन्ही तटांना एकच विनंती. ‘कुत्रा कसा आहे’ हा वाद पुरे करा आणि आत्ता या खोलीत लक्ष कुणाचं आहे, ते नाव घेऊन ठरवा. लक्ष म्हणजे हातातला मोबाइल खाली ठेवून दिलेलं लक्ष. कुणाचंच नसेल, मग ते दारावरच्या बेलसाठी असो की कुकर उतरवण्यापुरतं, तर मूल आणि कुत्रा यांच्यामध्ये दार किंवा लाकडी फाटक बंद करूनच जा. कुत्र्याला जिथे मूल पोचणार नाही असा एक कोपरा द्या. तो खात असताना किंवा झोपलेला असताना मुलाला दूर ठेवा. कुत्र्याला रेबीजची लस दरवर्षी वेळेवर टोचून घ्या. आणि कुत्र्याचा दात किंवा नख लागलंच, मग तो घरचा असो, लस घेतलेला असो, तर हळद-तेलाच्या नादी न लागता जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.