अमेरिकेत शेरीफ, मग घाटंजीत कोण? बंदुकीच्या परवान्याचा निर्णय नेमका कोणाच्या हातात असतो?

बंदुकांवर निर्बंध आणणारा नवा कायदा आपल्या भागात राबवणार नाही, असं जाहीरपणे सांगणाऱ्या अमेरिकन शेरीफचे व्हिडिओ अधूनमधून सोशल मीडियावर फिरत असतात. ते पाहून आपल्याकडच्या अनेकांना प्रश्न पडतो, की एखादा पोलिस अधिकारी असं म्हणूच कसा शकतो? आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीसारख्या तालुक्यात हा अधिकार कोणाकडे असतो?

प्रश्न फक्त कुतूहलाचा नाही. टिपेश्वर अभयारण्याला लागून असलेल्या या पट्ट्यात रानडुक्कर आणि रोही रातोरात उभं पीक फस्त करतात. कापूस, तूर, सोयाबीन वाचवण्यासाठी शेतकरी रात्र-रात्र जागलीवर असतात. त्यामुळे पीक राखायला बंदूक मिळते का, हा इथला जुना प्रश्न आहे.

शेरीफ कायदा नाकारू शकतो का?

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शेरीफ हा काउंटीचा, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा, निवडून आलेला पोलिसप्रमुख असतो. मनुष्यबळ कुठे वापरायचं आणि कोणत्या गुन्ह्यांना प्राधान्य द्यायचं, हे तो बऱ्याच अंशी स्वतः ठरवतो. त्याला बढती देणारा किंवा बदली करणारा वरिष्ठ नसतो, त्याचा हिशेब मतदार करतात.

1997 साली ‘प्रिंट्झ विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा खटला गाजला. मोंटाना आणि ॲरिझोनातल्या दोन शेरीफनी पिस्तूल खरेदीदारांची पार्श्वभूमी तपासण्याच्या केंद्रीय सक्तीला आव्हान दिलं होतं. केंद्र सरकार स्थानिक अधिकाऱ्यांना असं कामाला जुंपू शकत नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र हा निकाल केंद्राच्या सक्तीपुरता होता. राज्याने केलेला कायदा शेरीफने बाजूला ठेवावा का, यावर तिथे आजही वाद आहे. 2018 नंतर वॉशिंग्टन, कोलोरॅडो आणि इलिनॉय या राज्यांतल्या अनेक शेरीफनी नव्या शस्त्र कायद्यांबाबत अशीच भूमिका घेतली.

भारतात ‘शेरीफ’ आहे का?

नावापुरता आहे. मुंबईचं ‘नगरपाल’ हे पद म्हणजेच शेरीफ. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनी हे पद भूषवलं आहे. पण ते मानाचं पद आहे, त्याला पोलिसी अधिकार नाहीत.

घाटंजीत पोलिस ठाण्याचा प्रमुख, म्हणजे ठाणेदार, हा नेमलेला आणि बदली होणारा अधिकारी असतो. गावचा पोलिस पाटीलही निवडून येत नाही, त्याची नेमणूक प्रशासन करतं. शस्त्र कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे ‘हा कायदा माझ्या हद्दीत नाही’ असं कोणत्याही ठाणेदाराला म्हणता येत नाही.

मग निर्णय कोण घेतं?

शस्त्र अधिनियम 1959 नुसार परवाना देणारा अधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी, अर्थात जिल्हाधिकारी. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत तो अधिकार पोलिस आयुक्तांकडे असतो. म्हणून घाटंजीच्या अर्जाचा निर्णय यवतमाळला होतो. त्याआधी अर्जदाराची चौकशी होते आणि पोलिसांचा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर जिल्हाधिकारी त्याच्याविनाही निर्णय घेऊ शकतात.

सरपंच, नगराध्यक्ष किंवा आमदाराचं शिफारसपत्र जोडलं म्हणून परवाना मिळण्याचा हक्क तयार होत नाही. कायद्यात अशा पत्राला स्थानच नाही.

‘विवेकाधिकार’ किती मोठा?

दिसतो त्यापेक्षा लहान, पण कागदावर आहे त्यापेक्षा मोठा.

कायद्याच्या कलम 13 मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. गरज खरी असेल आणि नकाराचं कोणतंही कारण लागू होत नसेल, तर अशा अर्जावर परवाना द्यावा, असा कलमाचा रोख आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असं वाटलं, तर अधिकारी दुसऱ्या प्रकारच्या साध्या नळीच्या बंदुकीला मंजुरी देऊ शकतात. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर हवं असेल, तर मात्र ‘सबळ कारण’ आहे याची अधिकाऱ्याला खात्री पटावी लागते.

नकाराची कारणं कलम 14 मध्ये आहेत. त्यात मानसिक अस्वास्थ्य, अपात्रता, सार्वजनिक शांतता आणि सुरक्षितता यांचा समावेश होतो. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. दोन एकरवाल्या शेतकऱ्यासाठी ही ओळ महत्त्वाची आहे.

‘सार्वजनिक शांतता’ या शब्दांना मात्र मोजपट्टी नाही. खरा विवेकाधिकार तिथे सुरू होतो आणि कायदा एकच असूनही जिल्ह्याजिल्ह्यांत चित्र वेगळं दिसतं. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यानंतर बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याची चर्चा राज्यभर झाली आणि पुढे प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा हा अधिकार कलम 17 मध्ये आहे.

आणखी एक अधिकार फारसा कोणाला माहीत नसतो. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल कलम 3 खाली खटला चालवायचा, तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे गुन्हा ठाणेदार नोंदवतो, पण खटल्याची वाट जिल्हाधिकारी कार्यालयातून जाते. 2019 च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला साधारणपणे 2 ते 5 वर्षांची कैद आहे.

निवडणुकीत सगळ्यांच्याच बंदुका जमा होतात का?

सरसकट नाही. जिल्हाधिकारी आणि पोलिस अधीक्षकांची छाननी समिती प्रत्येक परवानाधारकाचा विचार करते. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमी असलेले किंवा दंगलीत नाव आलेले परवानाधारक प्रामुख्याने तपासले जातात.

निवडून आलेल्या नेत्याचा हात कुठे पोहोचतो?

अपिलात. जिल्हाधिकाऱ्यांच्या नकाराविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे जाता येतं, यवतमाळसाठी ते अमरावतीला. पोलिस आयुक्तांच्या निर्णयावरचं अपील मात्र गृह विभागाकडे, म्हणजे मंत्र्यांसमोर जातं. 2025 मध्ये पुण्यातल्या एका गुंडाच्या भावाला पोलिस आयुक्तांनी नाकारलेला परवाना गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केल्याचं समोर आलं आणि मोठा वाद झाला. संबंधित व्यक्तीवर त्या वेळी गुन्हा प्रलंबित नव्हता, अशी बाजू कदम यांनी मांडली. प्रत्यक्षात परवाना दिला नसल्याचं पुणे पोलिसांनी सांगितलं.

परवाना मिळाला की रानडुक्कर मारता येतं?

नाही. इथेच अनेक शेतकरी अडकतात. बंदूक बाळगण्याची परवानगी शस्त्र कायद्याखाली मिळते. वन्यप्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव संरक्षण कायदा 1972 खाली, वन विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. पहिली असून दुसरी नसेल, तर शिकारीचा गुन्हा लागू शकतो.

अर्ज नाकारला तर काय करायचं?

शस्त्र बाळगणं हा भारतात मूलभूत हक्क नाही, याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्येही लक्ष वेधलं. पण अर्जाचा नीट विचार होणं हा अर्जदाराचा अधिकार आहे. नकाराची कारणं अधिकाऱ्याने लेखी नोंदवायची असतात आणि मागितल्यावर अर्जदाराला थोडक्यात द्यायची असतात. ती देणं सार्वजनिक हिताचं नसेल, तेवढाच अपवाद आहे. म्हणून तोंडी ‘होत नाही’ ऐकून कार्यालयातून परत फिरू नये. लेखी आदेश आणि कारणं मागावीत, अपिलाची मुदत पाहावी. अपिलात पहिला प्रश्न त्या कारणांचाच निघतो.