आत्याबाई, मामंजी आणि दोन चुली

माझी आजी सासूला आत्याबाई म्हणायची आणि सासऱ्यांना मामंजी. सासू काही तिची आत्या नव्हती. लग्न ठरेपर्यंत दोन्ही घरांची ओळखही नव्हती. मग हे शब्द आले कुठून, हा प्रश्न मला पडला तो अगदी कोरड्या कारणाने. घरच्यांसाठी वंशवृक्षाचा एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो आणि एका चुलत पणजोबांपाशी तो अडकला. त्यांनी मामाची मुलगी केली होती. संगणकाच्या भाषेत वृक्ष म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला एकच वाट. इथे नवऱ्यापासून बायकोपर्यंत दोन वाटा निघत होत्या, एक लग्नाची आणि एक आईच्या माहेरची.

उत्तर सापडलं इरावती कर्व्यांच्या भारतातल्या नातेसंबंधांवरच्या इंग्रजी पुस्तकात. ते 1953 साली निघालं. कर्वे 1939पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. 'युगान्त'मुळे त्या आपल्या घराघरांत पोचल्या, पण त्यांचं हे मुख्य काम मराठी वाचकाला फारसं माहीत नसतं. भाषा, जात आणि कुटुंब यांच्या आधारे त्यांनी देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार नातेप्रदेश पाडले. उत्तरेत आईकडचं किंवा बापाकडचं जवळचं नातं लग्नाला चालत नाही. मुलगी परक्या गावात, अनोळखी घरात जाते. दक्षिणेत आते-मामे भावंडांची लग्नं होतात, काही जातींत मामा-भाचीचंही होतं. तिथे सून बहुधा ओळखीच्याच उंबऱ्यावर पाऊल ठेवते. तमिळमध्ये मामा आणि सासरा यांना एकच शब्द पुरतो, तसाच आत्या आणि सासूलाही.

महाराष्ट्र त्यांनी मध्य प्रदेशात, म्हणजे दोन्हींच्या सीमेवर ठेवला. भाषा उत्तरेकडच्या कुळातली, पण मराठा-कुणब्यांत आणि देशस्थांत मामाची मुलगी चालते; चित्पावनांत सहसा टाळतात. आत्याची मुलगी मात्र बहुतेक ठिकाणी नको. म्हणजे मुलींची वाट एकाच दिशेने वाहते. ज्या घरातून आई आली तिथून सून आणायची, पण ज्या घरी बहीण दिली तिथून आणायची नाही. (साटंलोटं हा अपवाद, हुंड्याचा खर्च वाचवायला तो निघतोच.) आता आजीचे शब्द पाहा. मुलाने मामाची मुलगी केली, की त्या मुलीची सासू तिची सख्खी आत्या असते. आत्याच्या नवऱ्यालाही कित्येक घरांत मामाच म्हणतात. लग्नाची रीत एखाद्या घरातून गेली तरी हाक मागे राहिली.

हे सगळं लोकांना विचारून, त्यांचे शब्द टिपून घेऊन उभं राहिलं. कर्व्यांची सुरुवात मात्र मोजमापाने झाली होती. 1920च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी माणसाच्या कवटीच्या असमानतेवर पीएच.डी. केली. फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते होते. या विद्यार्थिनीला वंशानुसार फरक काही सापडला नाही, आणि तिने तसं लिहिलं. तरी परत आल्यावर त्या महाराष्ट्रात जातवार माणसं मोजत राहिल्याच, हेही विसरता येत नाही.

त्या मोजमापांतून आणि गावोगावच्या हिंडण्यातून त्यांचा जातीविषयीचा सिद्धान्त आला. कुंभार ही एक जात आहे असं आपण सहज म्हणतो. पण महाराष्ट्रात थोरचाके, लहानचाके असे कुंभार वेगवेगळे. चाक वेगळं, घडवण्याची पद्धत वेगळी आणि एकमेकांत सोयरीक नाही. एक मूळ जात फुटून हे गट झाले असं त्या मानत नाहीत. वेगवेगळे गट एका धंद्याच्या नावाखाली शेजारी आले, असं त्यांचं म्हणणं. खरी जात म्हणजे हा आतला गट, ज्यातला प्रत्येक जण नातेवाईक तरी असतो किंवा उद्या होऊ शकतो. जात म्हणजे पसरलेलं नातंच.

मला हे पटतं, आणि इथेच अडखळायलाही होतं. कारण 1916 साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात आंबेडकरांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली होती. जातीचं मर्म गटातल्या गटात लग्न हेच, असं तेही म्हणतात. पण ते कुंपण टिकवायला काय काय करावं लागतं, ते त्यांनी मांडलं: सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह. कर्व्यांच्या चित्रात गट शेजारी शेजारी नांदतात. कोण वर आणि कोण वेशीबाहेर, हे त्यात फिकट होतं. नात्याच्या आत उभं राहिलं की ते ऊबदार दिसतं. बाहेरच्याला आधी कडी दिसते.

कर्व्यांना ती कडी दिसली नव्हती असं नाही. 'वाटचाल' या लेखात त्या पंढरीच्या वारीत चालतात. जिथले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशा अर्थाची त्यांची व्याख्या त्यातलीच, आणि ती सगळे सांगतात. पण त्याच लेखात दिंडीतल्या दोन पंगती आहेत. ब्राह्मण आणि मराठे दिवसभर एकाच वाटेने, एकच अभंग म्हणत चालतात आणि जेवायच्या वेळी वेगळे होतात. दिंडीचे हे दोन भाग त्यांना रोज खटकत होते. वारीत तर जो तो दुसऱ्याला माउली म्हणतो. आईसाठीचा शब्द, आणि चुली दोन. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या, तेव्हा त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळ्या झाल्या.

माझ्या प्रोग्रॅममध्ये मी नंतर वृक्षाच्या जागी जाळं घातलं आणि चुलत पणजोबा नीट बसले. मग आमच्या चार पिढ्यांची सगळी नावं पडद्यावर एकदम पाहिली. जवळपास 200 माणसं, आणि आडनावांवरून जात ओळखता येईल अशी एकूण एक.