विजेचा वस्तरा आणि नाजूक कातडी

दांत घासणें, स्नान करणें हीं कामें मनुष्य स्वतःच्या सुखासाठीं करतो. दाढी मात्र तो पुष्कळ वेळां दुसऱ्याच्या डोळ्यांसाठीं करतो. पलटणीचा नियम, कचेरीची शिस्त आणि समाजाची रूढि यांनीं हें काम त्याच्या गळ्यांत बांधलेलें आहे. ज्याची कातडी राठ आणि केस सरळ, त्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं. पण ज्याची कातडी नाजूक, त्याच्या दृष्टीनें प्रत्येक सकाळ म्हणजे एक लहानशी शिक्षाच असते. गालावर लाली, मानेवर पुटकुळ्या, आणि वर तुरटी फिरविली कीं डोळ्यांत पाणी! अशा माणसाला कोणी विजेच्या वस्तऱ्याची शिफारस केली म्हणजे तो सुटकेच्या आशेनें दुकानांत जातो आणि तेथें मांडलेल्या नाना तऱ्हांच्या यंत्रांपुढें गोंधळून उभा राहतो. हीं यंत्रें कोणत्या अडचणींतून जन्मलीं आणि प्रत्येकाचा स्वभाव काय, हें ठाऊक असेल तर निवड सोपी होते. या विषयांत इतिहास हाच खरा वाटाड्या होय.

जुना उघडा वस्तरा हें कसबाचें हत्यार होतें. त्याची धार जितकी तीक्ष्ण, तितकीच ती धोक्याची. म्हणून शतकानुशतकें हें काम नाभिकाच्या सरावलेल्या हाताकडे राहिलें. धोकटींतला वस्तरा चामड्यावर परजून, गाल दोन बोटांनीं ताणून, पात्याचा कोन संभाळीत तो दाढी करी. कोणाच्या हनुवटीवर भोंवरा आहे आणि कोणाच्या मानेवरचे केस उलटे वळतात, हें त्याला न सांगतां ठाऊक असे. तोच वस्तरा आरशापुढें बसून स्वतः चालविणें हें निराळें प्रकरण होतें. फ्रान्समध्यें झां-झाक पेरे नांवाच्या शस्त्रें घडविणाऱ्या कारागिरानें इ. स. १७६९ मध्यें स्वतःची दाढी स्वतः करण्याच्या कलेवर एक ग्रंथच लिहिला. सुताराच्या रंध्यावरून कल्पना घेऊन त्यानें पात्याला लाकडाचा आडोसाही बसविला. रंध्याचें पातें ठोकळ्यांतून जसें थोडेंसेंच डोकावतें, तसें वस्तऱ्याचें पातेंही थोडेंसेंच बाहेर राहावें, ही ती युक्ति.

या युक्तीला मोठें यश आलें तें अमेरिकेंत. बोथट पात्याला पुनः पुनः धार लावीत बसण्यापेक्षां पातें इतकें पातळ व स्वस्त करावें कीं बोथट होतांच तें फेकून द्यावें, अशी कल्पना किंग कँप जिलेट या फिरत्या विक्रेत्याला सुचली. इतक्या पातळ पोलादाला टिकाऊ धार येणार नाहीं, असें जाणते लोक सांगत होते. विल्यम निकरसन या यंत्रज्ञानें तें काम तडीस नेलें. १९०३ सालीं विक्रीस आरंभ झाला, तेव्हां वर्षभरांत ५१ रेझर आणि १६८ पातीं एवढाच खप झाला. पुढच्याच वर्षीं रेझरांचा आंकडा नव्वद हजारांवर गेला. पुढें पहिल्या महायुद्धांत विषारी वायूचा वापर सुरू झाला आणि त्यापासून वांचविणारा मुखवटा तोंडाला घट्ट बसावा म्हणून गुळगुळीत दाढी ही सैनिकाच्या जिवाची गोष्ट झाली. अमेरिकन सरकारनें आपल्या शिपायांना सेफ्टी रेझर पुरविले. ते तरुण घरीं परतले ते रोज सकाळीं आपली दाढी आपण करण्याची संवय घेऊनच. ‘आपला हात जगन्नाथ’ ही म्हण दाढीच्या बाबतींत त्या पिढीनें खरी केली.

परंतु सेफ्टी रेझरनें जखमेचें भय कमी केलें. कातडीची आग कांहीं त्यानें विझली नाहीं. त्याचें पातें प्रत्यक्ष कातडीवरूनच सरकतें आणि केसाबरोबर तिचा वरचा पापुद्राही खरवडून नेतें. शिवाय त्याला पाणी, साबण आणि फेंस यांचा सरंजाम लागतो. दाढीचा कोरडा केस तितक्याच जाडीच्या तांब्याच्या तारेसारखा चिवट असतो. दोन-तीन मिनिटें पाण्यांत मुरला म्हणजेच तो मऊ पडतो. जेथें पाण्याची अडचण, तेथें दाढीचीही अडचण. नेमक्या याच अडचणींतून विजेचा वस्तरा निर्माण झाला.

जेकब शिक हा अमेरिकेच्या सैन्यांतील एक अधिकारी. अलास्काच्या बर्फाळ मुलखांत तारायंत्राच्या तारा टाकण्याच्या कामावर त्यानें थंडीचे कडाके सोसले होते. १९१० सालीं सैन्यांतून निवृत्त झाल्यावर तो सोन्याच्या शोधार्थ उत्तरेच्या रानांत हिंडूं लागला. तेथें पाय मुरगळल्यामुळें त्याला एकाकी मुक्कामावर अडकून पडावें लागलें. दाढीला पाणी हवें असेल तर आधीं बर्फ वितळवावा, अशी तेथली स्थिति. पाणी व साबण यांच्यावांचून दाढी करणारें यंत्र कां होऊं नये, हा विचार त्याच्या डोक्यांत घोळूं लागला. त्याच्या पहिल्या आराखड्यांत मोटर वेगळी होती आणि लवचीक दांडीनें ती कापणाऱ्या डोक्याला जोडलेली होती. एक हात मोटरींत व दुसरा दाढींत गुंतविणारें असलें अवजड धूड कोणताही कारखानदार पत्करीना. इतक्यांत महायुद्ध आलें आणि शिक पुनः सैन्यांत गेला. युद्धानंतर त्यानें बंदुकींतल्या काडतुसांप्रमाणें मुठींतच पातीं सांठविणारा एक रेझर काढला, आणि त्या धंद्यांतला आपला हिस्सा विकून तो पैसा विजेच्या वस्तऱ्यांत ओतला. अखेरीस १९३१ सालीं, मुठींत मावेल एवढी मोटर असलेलें त्याचें यंत्र न्यूयॉर्क शहरांत विक्रीस आलें. किंमत २५ डॉलर! महामंदीच्या त्या दिवसांत ही रक्कम थोडी नव्हती. तरीही पहिल्या वर्षांत सुमारें ३,००० यंत्रें खपलीं, आणि १९३७ सालीं शिक मरण पावला तेव्हां हीं यंत्रें लाखांच्या हिशेबानें लोकांच्या घरांत पोंचलीं होतीं.

या यंत्राला ‘वस्तरा’ म्हणण्याचा प्रघात पडला असला तरी त्याची करणी वस्तऱ्याची नसून कातरीची आहे. बारीक चिरा पाडलेली एक पातळ पट्टी कातडीवर टेंकते. चिरेंतून केस आंत शिरतो, आणि पट्टीखालीं भराभर मागेंपुढें होणारें दांतेरी पातें त्याला पट्टीच्या कडेशीं धरून कापतें. यांत कातडीला स्पर्श होतो तो पट्टीचा, धांवत्या पात्याचा नव्हे. कातडी आणि धार यांच्यामध्यें अशी एक भिंत उभी राहिली. ही भिंत जाड ठेवावी तर केसांचे खुंट शिल्लक राहतात. अति पातळ करावी तर कातडी चिरेंत फुगून पात्याला लागते. तेव्हांपासून आजतागाईत या धंद्यांतील सारी धडपड या भिंतीच्या जाडीविषयींच चाललेली आहे.

१९३७ सालीं रेमिंग्टन रँड प्रभृति कंपन्या अमेरिकेंत या धंद्यांत उतरल्या. निराळा मार्ग काढला तो मात्र युरोपनें. हॉलंडांतील फिलिप्स कंपनीचे यंत्रज्ञ अलेक्झांडर होरोविट्झ यांनीं पातें मागेंपुढें हलविण्याऐवजीं वाटोळें फिरविण्याचें ठरविलें. चिरा असलेल्या गोल टोपीखालीं गरगर फिरणाऱ्या पात्याचें हें यंत्र १९३९ सालीं बाजारांत आलें. दुसऱ्या महायुद्धानें त्याची वाढ खुंटली. पण १९५१ सालीं त्याला दोन डोकीं आलीं आणि १९६६ सालीं तीन. जर्मनींत माक्स ब्राउन यांनीं तिसरी वाट धरली. त्यांनीं चिरेच्या पट्टीऐवजीं असंख्य बारीक भोकांची, कागदासारखी पातळ धातूची जाळी कमानीसारखी वांकवून बसविली आणि तिच्याखालीं पात्यांचा गठ्ठा हलता ठेवला. त्यांचें यंत्र १९५० सालीं विक्रीस आलें. पुढच्याच वर्षीं ते वारले. त्यांच्या कंपनीनें १९६२ सालीं षट्कोनी भोकांची जाळी आणली. ही जाळी पत्र्याला भोकें पाडून केलेली नव्हती. विजेच्या साहाय्यानें धातूचा थर जमवून ती घडविलेली होती, आणि तिच्यावर प्लॅटिनमचा मुलामा होता. मध्यंतरीं, १९६० सालीं, रेमिंग्टननें वीज सांठवून तारेवांचून चालणारें यंत्र काढलें. आजच्या दुकानांत दिसणारे दोन मुख्य वंश, जाळीचा आणि फिरत्या डोक्यांचा, ते याच इतिहासांतून आलेले आहेत.

इकडे यंत्रें सुधारत असतां वैद्यकाचेंही लक्ष दाढीकडे वळलें होतें. १९५६ सालीं स्ट्राउस आणि क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनीं दाढीच्या पुटकुळ्यांच्या एका विकाराची चिकित्सा केली. कुरळा केस अगदीं मुळाशीं कापला म्हणजे त्याचें टोंक भाल्यासारखें अणकुचीदार होतें. तो वाढतां वाढतां वळतो आणि पुनः कातडींत शिरतो. कित्येकदां तर कातडीखालींच आडवा घुसतो. शरीर त्याला परक्या कांट्याप्रमाणें वागवितें, आणि तेथें सूज व पू धरतो. म्हणजे ज्या गुळगुळीतपणाची जाहिरातवाले एवढी थोरवी गातात, तोच या लोकांच्या दुखण्याचें मूळ होता! कृष्णवर्णीय पुरुषांत हा विकार फार आढळतो, आणि सक्तीच्या दाढीचा जाच त्यांनाच अधिक झाला. पुढें हें प्रकरण न्यायालयापर्यंत गेलें. घरपोंच खाद्यपदार्थ पोंचविणाऱ्या एका नोकराला दाढी राखल्याबद्दल कामावरून काढण्यांत आलें होतें. त्या खटल्यांत १९९३ सालीं अमेरिकेंतील एका अपील न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, असा सक्त नियम कृष्णवर्णीयांना विषम रीतीनें बाधतो, आणि हा विकार असलेल्यांना मालकानें सूट दिली पाहिजे. चेहऱ्यावरच्या चार पुटकुळ्या ही क्षुल्लक बाब आहे असें म्हणणाऱ्यानें त्या माणसाच्या बुडालेल्या पोटापाण्याचा विचार करावा.

या सर्व इतिहासाचें सार असें कीं, नाजूक कातडीच्या माणसानें सर्वांत गुळगुळीत दाढीचा हव्यास सोडावा. विजेचा वस्तरा केसाचा अगदीं बारीक अंश मागें ठेवतो. सरळ केसांच्या हौशी माणसाला तें वैगुण्य वाटेल. पण नाजूक कातडीला तेंच वरदान आहे. निवड करतांना प्रथम स्वतःच्या केसांची वाढ पाहावी. रोज नेमानें दाढी करणाऱ्याला आणि ज्याचे केस बहुतेक एका दिशेनें वाढतात त्याला जाळीचें यंत्र बरें. तें सामान्यतः कातडीला अधिक सौम्य असतें. दोन दिवसांआड दाढी करणाऱ्याला, किंवा ज्याच्या मानेवर केस चहूंकडे वळलेले आहेत त्याला, फिरत्या डोक्यांचें यंत्र सोयीचें पडतें. तीन-चार दिवसांची वाढ मात्र आधीं कातरून घ्यावी. लांब केस भोकांत शिरत नाहीं, नुसता ओढला जातो. कित्येक जाळ्या निकेल धातूच्या असतात. ज्याला घड्याळाच्या किंवा पट्ट्याच्या धातूनें खाज सुटते, त्यानें हें विचारूनच घ्यावें. जाळी व पातीं बदलून मिळतील असेंच यंत्र निवडावें.

वापरण्याच्या कलेंत पहिला धडा धीराचा. वर्षानुवर्षें पात्याला सरावलेली कातडी नव्या यंत्राला रुळण्यास दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यांतच लाली दिसली म्हणून यंत्र अडगळींत टाकणारा, किंवा एक दिवस पातें व एक दिवस वीज असा खेळ करणारा, तिला रुळूंच देत नाहीं. दुसरा धडा कोरडेपणाचा. कोरड्या वापराच्या यंत्राला घामट कातडी चालत नाहीं. मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तर डोकें गालावर अडखळतें. तेव्हां चेहरा धुऊन, टिपून, नीट वाळूं द्यावा. किंचित् साधी पावडर लावावी. मद्यार्क असलेलीं द्रव्यें केस उभा करतात खरीं, पण नाजूक कातडीला झोंबतात. तिसरा धडा हलक्या हाताचा. दाबल्यानें दाढी अधिक चांगली होते ही समजूत खोटी. दाबानें कातडी भोकांत फुगते आणि खरवडली जाते. घर्षणानें यंत्राचें डोकें तापतें, म्हणून तें गार आहे तोंच सर्वांत नाजूक अशा मानेपासून आरंभ करावा. जाळीचें यंत्र सरळ, केसांच्या उलट दिशेनें, आणि फिरतें यंत्र लहान वर्तुळांत चालवावें. एरवीं कातडी थोडी ताणावी. पण ज्याला केस आंत वळण्याचा विकार आहे त्यानें ती ताणूं नये व डोकें किंचित् अलगद धरावें, म्हणजे केस कातडीखालीं कापला जात नाहीं.

यंत्र रोज झाडावें, सांगितल्याप्रमाणें धुवावें किंवा तेल द्यावें, आणि दुसऱ्याला वापरावयास देऊं नये. जाळीला चीर गेली असेल तर एक दिवसही चालवूं नये. एरवींही वर्ष-दीड वर्षानें जाळी व पातीं बदलावीं. इतकें करूनही पू धरला, गांठी आल्या किंवा डाग राहूं लागले, तर यंत्रावर यंत्र विकत घेण्यांत अर्थ नाहीं. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावें आणि तो सांगेल तितके दिवस दाढी वाढूं द्यावी. शिकनें भिंत उभारली ती कातडीच्या रक्षणासाठीं. ती शक्य तितकी पातळ करण्याची चढाओढ कारखानदारांची आहे; नाजूक कातडीच्या माणसानें त्या चढाओढींत सामील होण्याचें कारण नाहीं. सायंकाळीं गालावर हात फिरवितांना थोडे खुंट लागले तरी चालतील. सकाळीं आरशापुढें उभें राहण्याचें भय वाटतां कामा नये.