घाटाने अडवलेली वाट

कसाऱ्याला गाडी थांबते, मागून जादा इंजिनं जोडली जातात, आणि तेवढ्यात आपण वडापाव घेतो. शहापूर तालुक्यातलं हे स्टेशन तुम्ही बहुधा असंच पाहिलं असेल. इथून इगतपुरीपर्यंत चढणारा थळ घाटाचा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. चढ असा की ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून मागून ढकलावं लागतं. पण या घाटाची दुसरी एक अडचण खिडकीतून दिसत नाही. ती मापाची.

एप्रिल २०२१ मध्ये ते माप जिवावर आलं. महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत ऑक्सिजन कमी पडत होता आणि द्रवरूप ऑक्सिजन मिळणार होता विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. टँकर रस्त्याने नेण्यात वेळ जाणार, म्हणून ते रेल्वेच्या सपाट वॅगनवर चढवायचं ठरलं.

कल्पना जुनीच. कोकण रेल्वे १९९९ पासून कोलाड ते वेर्णे असे भरलेले ट्रक वॅगनवरून नेते. ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून, स्टिअरिंग न फिरवता गोव्यात पोचतो. ट्रकवाल्याचं अर्धं घर त्या केबिनमध्येच असतं, तेव्हा हा घरासकट प्रवासच म्हणायचा. पण कोकणात ही सेवा सुरू झाली तेव्हा मार्गावर विजेच्या तारा नव्हत्या. इथे तारा, पूल, बोगदे, फलाटांची छपरं, सगळ्यांखालून जायचं होतं. वॅगनची उंची १,२९० मिलिमीटर. वेगवेगळे टँकर तपासल्यावर ३,३२० मिलिमीटर उंचीचं एक मॉडेल बसलं. एकूण ४,६१० मिलिमीटर, म्हणजे साधारण १५ फूट. १८ एप्रिलला कळंबोलीत प्रत्यक्ष टँकर आणून मोजमापं घेतली गेली.

१९ तारखेला रात्री सात रिकामे टँकर निघाले. आता नकाशा उघडा. विशाखापट्टणम पूर्वेला, आणि गाडी गेली उत्तरेला: वसई, सुरत, मग भुसावळ, नागपूर. कल्याण, शहापूर, कसारा ही सरळ वाट सोडून थेट गुजरातचा वळसा! कारण मुंबईजवळच्या घाटमार्गांवर असा मापाबाहेरचा माल न्यायला परवानगी नव्हती. तासांचा हिशेब चालू असताना लांबची वाट धरणं सोपं नसतं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. बोगद्यात अडकलेला टँकर कुणाच्याच कामाचा नव्हता.

२१ एप्रिलला नाशिकच्या एका रुग्णालयात टाकीतून ऑक्सिजनची गळती झाली, पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले.

विशाखापट्टणमला टँकरांत १०० टनांहून अधिक ऑक्सिजन भरला गेला. परतताना तीन टँकर नागपूरला उतरले. उरलेले चार २४ एप्रिलला सकाळी नाशकात पोचले. गाडी मनमाडच्या बाजूने आली होती, त्यामुळे घाट मध्ये आलाच नाही. तो पुढे, इगतपुरीपलीकडे राहिला.

टँकर वॅगनवरून उतरले आणि पुन्हा आपल्या चाकांवर निघाले.